यूव्हर्जन बायबल अ‍ॅप : चाहत्याची ओढ आणि भक्ताचे वाचन

ख्रिस्ती कुटुंबांत आणि उपदेशांत एक तक्रार वारंवार ऐकू येते. आवडत्या मालिकेतील प्रत्येक पात्राचे नातेगोते ज्यांना तोंडपाठ असते, त्यांना बारा प्रेषितांची नावे धड सांगता येत नाहीत. सामना पाहताना घसा बसेपर्यंत ओरडणारी माणसे उपासना दहा मिनिटे लांबली की घड्याळाकडे पाहू लागतात. तक्रार खरी आहे, पण ती ऐकून कोणाचे शास्त्रवाचन वाढल्याचे सहसा दिसत नाही. यूव्हर्जन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बायबल अ‍ॅपने तिला वेगळे उत्तर दिले आहे. माणूस ज्या साधनांनी करमणुकीकडे ओढला जातो, तीच साधने पवित्र शास्त्राच्या वाचनासाठी वापरायची, हे ते उत्तर. हे अ‍ॅप मी नियमितपणे वापरतो, आणि त्याचे परीक्षण करताना माझ्यासमोर मुख्यतः एकच प्रश्न आहे : मनोरंजनाच्या जगातून त्याने जे उचलले, ते उचलण्याजोगे होते का?

आधी थोडी माहिती. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या लाइफ चर्च या मंडळीने हे अ‍ॅप तयार केले. तेथील बॉबी ग्रुनवॉल्ड यांना २००६ मध्ये शिकागोच्या ओहेअर विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभे असताना त्याची कल्पना सुचली. सुरुवात संकेतस्थळाने झाली आणि ते फारसे चालले नाही, कारण वाचण्यासाठी मुद्दाम संगणकासमोर येऊन बसणारे लोक थोडेच होते. जुलै २००८ मध्ये अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर सुरू झाले, तेव्हा अगदी पहिल्या दिवसापासून तेथे असलेल्या मोजक्या अ‍ॅपमध्ये हे बायबल होते. पहिल्याच शनिवार-रविवारी ८३,००० लोकांनी ते उतरवून घेतले आणि २०२१ मध्ये हा आकडा ५० कोटींवर गेला. आज त्यात २,००० हून अधिक भाषांतील ३,००० हून अधिक आवृत्त्या आहेत. मराठीतही एकापेक्षा अधिक आवृत्त्या मिळतात. कोणतेही शुल्क नाही, जाहिरात नाही, आत गेल्यावर काही विकत घेण्याचा आग्रह नाही. सारा खर्च देणग्यांतून चालतो. ज्या फोनवर पुढचा भाग पाहण्याआधी जाहिरात सोसावी लागते किंवा वर्गणी भरावी लागते, त्याच फोनवर हे घडते, याची नोंद परीक्षणाच्या आरंभीच व्हायला हवी.

अ‍ॅप उघडल्यावर समोर येते ते दिवसाचे वचन, बहुधा डोंगर, समुद्र किंवा पहाटेच्या आकाशाच्या चित्रावर. त्याच्या जोडीला रोजचा छोटा पाठ असतो. समाजमाध्यमांवरील स्टोरीप्रमाणे एकेका स्पर्शासरशी पुढे सरकणारे पडदे, त्यात वचन, लहानशी चित्रफीत, मननाचा परिच्छेद आणि शेवटी प्रार्थना, अशी त्याची रचना आहे. वापरणाऱ्याच्या पानावर सलग किती दिवस अ‍ॅप वापरले याचा आकडा दिसतो. वचनांखाली रंग भरले, योजना पूर्ण केल्या की बिल्ले मिळतात. ठरलेल्या वेळी फोन वाजून आठवण करून देतो. ही सगळी यंत्रणा खेळांच्या आणि मनोरंजनाच्या अ‍ॅपमधून आलेली आहे, हे ती वापरणाऱ्या कोणालाही लगेच ओळखू येईल, आणि तिचा परिणामही होतो. जो माणूस महिनोन्‌महिने शास्त्र उघडत नव्हता तो रोज उघडू लागतो. उंबरठ्यापर्यंत आणण्याचे काम हे अ‍ॅप उत्तम करते, आणि त्याला मी कमी लेखत नाही.

मात्र भक्ती आणि करमणूक यांची तुलना फोनबरोबर जन्मलेली नाही. इसवी सन ३९८ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचे बिशप झालेले संत जॉन ख्रिसोस्टम आपल्या प्रवचनांत नेमकी हीच तक्रार करीत. ओबद्या कोण, आमोस कोण, संदेष्टे किती आणि प्रेषित किती, असे विचारले तर लोकांना तोंड उघडता येत नाही, पण घोडे आणि रथ हाकणारे यांच्याविषयी विचारा, मग भल्याभल्या वक्त्यांना मागे टाकतील असा युक्तिवाद करतात, असे त्यांनी म्हटले आहे. ३९९ मध्ये तर प्रभूच्या वधस्तंभाच्या स्मरणदिनीच शहरातील लोक रथांच्या शर्यती पाहायला गेले आणि त्या दुःखाने ख्रिसोस्टम यांनी एक संपूर्ण प्रवचन दिले.

या जुन्या तक्रारीत एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ख्रिसोस्टमचे श्रोते बुद्धीने मंद नव्हते आणि त्यांची स्मरणशक्तीही अधू नव्हती. घोड्याचा वंश, सारथ्याची कारकीर्द, कोणत्या शर्यतीत कोणत्या वळणावर काय झाले, हे सगळे त्यांना येत होते, कारण त्यांना त्या विषयाचे प्रेम होते आणि ते प्रेम तपशिलाला कंटाळत नव्हते. आजचा खरा चाहताही तसाच असतो. एखाद्या लांबलचक मालिकेचा चाहता गाजलेले चार प्रसंग पाहून थांबत नाही. तो पहिल्या भागापासून पाहतो, दुय्यम पात्रे ओळखतो, पाचव्या सीझनमधील वाक्याचा धागा पहिल्या सीझनमध्ये कोठे आहे ते दाखवून देतो, आणि कोणी संवाद संदर्भ सोडून उद्धृत केला तर अस्वस्थ होतो. संपूर्ण गोष्टीवरचे हे प्रेम, ही संदर्भाची निष्ठा, चाहत्याच्या उत्साहातील सर्वांत उत्तम भाग आहे. भक्ताने मनोरंजनाच्या जगाकडून काही शिकायचेच असेल तर ते हे.

यूव्हर्जनविषयी माझा मुख्य आक्षेप येथून सुरू होतो. या अ‍ॅपने मनोरंजनाकडून आकडे, बिल्ले आणि आठवणीची घंटा घेतली. चाहत्याची संपूर्णतेची भूक मात्र त्याच्या पहिल्या पडद्यावर दिसत नाही. तेथे दिसते ते सुटे वचन. मालिकेतला गाजलेला प्रसंग कापून पाठवावा तसे हे वचन अध्यायातून कापलेले असते, चित्रावर बसवलेले असते आणि पुढे पाठवायला तयार असते.

यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातील २९:११, म्हणजे एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे वचन घ्या. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, तो आपल्याला भविष्य आणि आशा देणार आहे, असे सांगणारे हे वचन शुभेच्छापत्रांवर, भिंतींवर आणि फोनच्या पडद्यांवर सर्वत्र आढळते. ज्या अध्यायात ते आहे, तो अध्याय म्हणजे यरुशलेमेतून यिर्मयाने बाबेलातील (बॅबिलोनमधील) बंदिवानांना पाठवलेले पत्र आहे. त्या पत्रात आधी सांगितले आहे की घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या शहरात तुम्हांला नेले आहे त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा. मग दहावे वचन येते : बाबेलात सत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर मी तुम्हांला परत आणीन. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेक जण परतीचा दिवस पाहणार नव्हते. त्याआधीचा, अठ्ठाविसावा अध्याय उघडला तर चित्र आणखी स्पष्ट होते. तेथे हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांच्या आत सगळे काही परत मिळेल. लोकांना आवडेल असे, लहान, गोड आणि लगेच लक्षात राहील असे त्याचे भाकीत होते, आणि ते खोटे होते. यिर्मयाने दिलेली आशा या भाकिताच्या विरोधात उभी आहे. अकरावे वचन दहाव्यापासून तोडून वाचले, की यिर्मयाच्या तोंडी आपण नकळत हनन्याचे बोल घालतो. या वचनाबाबत अ‍ॅपचा काही अपराध नाही. पण जी रचना वचनाला अध्यायातून सुटे करून सर्वांत आधी समोर ठेवते, ती या चुकीला रोज वाट करून देते.

फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील तेराव्या वचनाचीही तीच गत झाली आहे. सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्वकाही करू शकतो, हा त्याचा आशय खेळाडूंना अतिशय प्रिय आहे. अमेरिकन फुटबॉलपटू टिम टीबो आपल्या डोळ्यांखालच्या काळ्या पट्ट्यांवर ते लिहीत असे. जानेवारी २००९ मधील महाविद्यालयीन अजिंक्यपदाच्या सामन्यात त्याने त्या जागी योहान ३:१६ लिहिले आणि त्या वचनाचा इंटरनेटवर प्रचंड शोध घेतला गेला. हजारो लोकांनी त्या निमित्ताने शास्त्रातील एक संदर्भ शोधून पाहिला, ही आनंदाचीच गोष्ट आहे आणि त्या खेळाडूच्या श्रद्धेविषयी मला आदर आहे. परंतु प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला हे पत्र लिहिले ते बेड्यांत असताना, आणि तेराव्या वचनाच्या लगेच आधी तो सांगतो की भरल्या पोटी कसे राहावे आणि उपाशीपोटी कसे राहावे, विपुलतेत कसे असावे आणि गरजेत कसे असावे, हे आपण शिकलो आहोत. म्हणजे ज्या सामर्थ्याविषयी तो बोलतो त्यात जिंकणे अपेक्षितच नाही. हरल्यावरही तेवढेच समाधानी राहता येणे, हे ते सामर्थ्य आहे. मैदानावरच्या जल्लोषात हा अर्थ हरवतो.

या अ‍ॅपकडून दर वर्षी सर्वाधिक लोकप्रिय ठरलेले वचन जाहीर केले जाते. २०२० आणि २०२२ मध्ये ते यशया ४१:१० होते, २०२४ मध्ये फिलिप्पैकरांस ४:६. पहिले भिऊ नको असे सांगते, दुसरे कशाचीही चिंता करू नका असे. जगभरातील वाचक कोणत्या ओझ्याखाली शास्त्र उघडतात याची ही नोंद मनाला भिडते, आणि भयभीत माणसाने धीराचे वचन शोधावे यात चूक काहीच नाही. तरीही वार्षिक क्रमवारी ही पद्धत मूळची गाण्यांच्या आणि चित्रपटांच्या यशाची आहे. वाचकांच्या पसंतीने वचनांना क्रमांक लागू लागले, की ज्या वचनांना कोणीच पसंती देणार नाही त्यांचे काय, हा प्रश्न उरतो. स्तोत्र ८८ आशेच्या एकाही ओळीशिवाय अंधारात संपते. ते कोणत्याही सूर्योदयाच्या चित्रावर बसणार नाही. पण ज्या रात्री माणसाला देव ऐकतो आहे असे वाटतच नाही, त्या रात्री प्रार्थनेसाठी शब्द देणारे तेच स्तोत्र आहे.

आता सलग दिवसांच्या आकड्याविषयी. आकडा वाढत जातो तसा तो तुटू नये अशी काळजी वाढत जाते, आणि हळूहळू वाचनाचा हेतू वचन ऐकणे हा न राहता आकडा राखणे हा होतो. यंत्राला दोन्ही सारखेच दिसतात; वाचले की नुसते चाळले, हे त्याला कळत नाही. येथे मला मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील प्रभू येशूचे शब्द आठवतात. वेदीपाशी अर्पण आणले असताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा, असे तो सांगतो. म्हणजे उपासनाच मध्येच थांबवायला सांगतो. कोणतीही मालिका, कोणताही खेळ आपल्या प्रेक्षकाला असे उठवून पाठवत नाही. पाहणे सुरू राहावे हीच त्यांची इच्छा असते. भक्ती आणि करमणूक यांच्यातील खरा फरक मला येथे दिसतो. किती तास दिले, किती ओरडलो, किती रडलो, हे दोन्हीकडे सारखे असू शकते. पण शास्त्र वाचणाऱ्याकडून काही मागते, आणि ते मागणे बहुतेक वेळा पुस्तक मिटल्यावर पूर्ण करायचे असते. ज्या दिवशी एखादा माणूस सकाळीच उठून दुरावलेल्या भावाच्या दारात गेला आणि त्या धावपळीत अ‍ॅप उघडायचे राहिले, त्या दिवशी आकडा शून्यावर येऊ शकतो. शास्त्राच्या दृष्टीने मात्र त्या दिवशी त्याचे वाचन पूर्ण झालेले असते.

हा धोका काही आधुनिक नाही. स्कॉटलंडमधील तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅक्‌चेन यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी वर्षभराच्या वाचनाचा एक तक्ता तयार केला. जुना करार वर्षातून एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून व्हावीत अशी त्याची आखणी आहे, आणि तो आजही जगभर वापरला जातो. विशेष म्हणजे तक्त्याचे फायदे सांगण्याआधी मॅक्‌चेन यांनी त्याचे धोके लिहून ठेवले : वाचन उपचारापुरते उरेल, ठरलेला भाग वाचून झाला की स्वतःविषयी धार्मिक समाधान वाटू लागेल, वाचन निष्काळजी होईल, आणि काहींना ते ओझे पेलणार नाही. योजना देणाऱ्यानेच योजनेचे धोके सांगावेत, हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. सलग दिवसांचा आकडा दाखवणाऱ्या पडद्यावर असाच एखादा परिच्छेद असता तर मी त्या आकड्याला विरोध केला नसता.

अ‍ॅपमधील वाचनयोजनांचा दर्जा फार असमान आहे, आणि नव्या वाचकाने येथे सावध राहावे. तीन, पाच किंवा सात दिवसांच्या असंख्य योजना चिंता, विवाह, यश, एकटेपणा अशा विषयांवर आहेत. त्यांतील काही विचारपूर्वक लिहिलेल्या आहेत; पुष्कळशा योजनांत लेखकाचा मजकूर भरपूर आणि शास्त्रातील वचने दोन-चार, अशी स्थिती असते. नव्या पुस्तकाच्या किंवा चित्रपटाच्या निमित्ताने येणाऱ्या योजनाही असतात, आणि त्यांत भक्तीचे वाचन कोठे संपते आणि प्रसिद्धी कोठे सुरू होते, हे ओळखणे कठीण जाते. याउलट एखादे संपूर्ण पुस्तक किंवा संपूर्ण शास्त्र क्रमाने वाचून घेणाऱ्या योजना शोधाव्या लागतात, पण त्या आहेत, आणि अ‍ॅपचे खरे बळ त्यांतच आहे. या योजनांमधील एक सोय मला विशेष आवडते. काही दिवसांचे वाचन राहिले तर एका स्पर्शाने योजनेच्या तारखा पुढे सरकवता येतात आणि राहिलेला भाग आजचा भाग होतो. मागे पडलेल्या वाचकाला तेथे लाज वाटायला लावलेली नाही. ज्याने ही सोय घडवली त्याला थकलेल्या वाचकाचे मन ठाऊक होते, असे म्हणावेसे वाटते.

क्रमाने वाचण्याचा आग्रह मी का धरतो, हे लेवीय पुस्तकाच्या उदाहरणाने सांगता येईल. उत्पत्ती आणि निर्गम यांतील कथा ओलांडून वाचक लेवीयातील अर्पणांच्या आणि शुद्धीच्या नियमांपाशी येतो, आणि वर्षभराच्या पुष्कळ योजना तेथेच बंद पडतात. करमणुकीचा नियम साधा आहे : कंटाळा आला की पुढे जा. प्रेक्षकाला तो अधिकार आहे आणि त्यात काही गैर नाही. भक्ताने मात्र कंटाळ्यासह तेथे थांबायचे असते. असे थांबणाऱ्याला एकोणिसाव्या अध्यायात, शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडा या नियमापासून थोड्याच अंतरावर, आपल्यासारखी आपल्या शेजाऱ्यावर प्रीती कर ही आज्ञा सापडते. शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या पुस्तकांत, प्रभू येशूने सर्वांत मोठ्या आज्ञांत गणलेले हे वचन मूळ कोणत्या मातीत उगवले आहे, ते तेव्हा कळते. शेजाऱ्यावरची प्रीती ही आधी शेताच्या कडेवर सोडलेल्या कणसांची गोष्ट होती, हे सुट्या वचनावरून कधीच कळले नसते.

मठांतील परंपरेने हे फार पूर्वी ओळखले होते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी घालून दिलेल्या नियमानुसार १५० स्तोत्रे दर आठवड्याला म्हणून पूर्ण व्हायची, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चाहताही आवडता चित्रपट पुनःपुन्हा पाहतो, पण तो आपल्या लहरीप्रमाणे पाहतो. स्तोत्रांच्या फेऱ्यात आज मन आनंदी असताना विलापाचे स्तोत्र समोर येते आणि मन खिन्न असताना स्तुतीचे. आपल्या मनःस्थितीबाहेरचे शब्द तोंडी येतात, आणि त्या निमित्ताने आपण दुसऱ्या कोणाच्या तरी दुःखात किंवा आनंदात सहभागी होतो. आवड पाहून पुढचा मजकूर सुचवणाऱ्या यंत्रणांच्या काळात आवड न पाहता समोर येणाऱ्या या क्रमाचे मोल अधिकच वाढले आहे.

अ‍ॅपचा सर्वांत उत्तम भाग माझ्या मते त्यातील श्राव्य बायबल आहे. सगळ्याच आवृत्त्यांना ध्वनी नाही, पण ज्यांना आहे त्यांत एखादे शुभवर्तमान सलग ऐकता येते. मार्काचे शुभवर्तमान सोळा अध्यायांचे असून साधारण एका चित्रपटाच्या वेळेत ते ऐकून होते. तुकड्यातुकड्यांत वाचताना न जाणवणारा त्याचा वेग सलग ऐकताना जाणवतो. येशू एका गावातून दुसऱ्या गावात जातो, लगेच, त्याच क्षणी, अशी कथा धावत राहते, आणि मग यरुशलेमेत पोहोचल्यावर तीच कथा एकेका दिवसापाशी आणि शेवटी एकेका प्रहरापाशी थांबू लागते. पहिल्या मंडळ्यांतील बहुतेक लोकांनी शास्त्र वाचले नव्हते, ऐकले होते. पडदा बंद करून, चित्राशिवाय, बिल्ल्याशिवाय ऐकताना हे अ‍ॅप त्या प्राचीन श्रवणाच्या सर्वांत जवळ जाते. मनोरंजनासाठी सलग दीड-दोन तास बसण्याची सवय आपल्याला आहेच. ती सवय कशी वापरावी याचे यापेक्षा चांगले उत्तर मला अ‍ॅपमध्ये दुसरे आढळले नाही.

दोन आवृत्त्या शेजारी ठेवून वाचण्याची आणि स्वतःची टिपणे लिहिण्याची सोय नीट आहे. तिच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

मित्रांबरोबर एकच योजना वाचण्याची सोय मात्र थोडी थांबून पाहण्याजोगी आहे. ठरलेले वाचन झाल्यावर प्रत्येक जण त्या दिवसाच्या शेवटी आपला विचार लिहितो आणि इतरांचे विचार वाचतो. चाहत्यांचा उत्साह एकट्याने टिकत नाही, हे सर्वांना माहीत आहे. संत ऑगस्टीन यांनी आपला मित्र अलिपियस याच्याविषयी लिहिले आहे : मित्रांनी त्याला ओढून तलवारबाजांच्या खेळाला नेले, त्याने न पाहण्याचा निश्चय करून डोळे मिटून घेतले, पण गर्दीची एक आरोळी कानी पडली आणि त्याने डोळे उघडले, मग मात्र तोही त्या गर्दीतला एक झाला. समुदायाची शक्ती एवढी असते. तीच शक्ती भल्यासाठीही काम करते, आणि एकट्याने सोडून दिलेले पुस्तक चौघांच्या सोबतीने पूर्ण होते. लेखी प्रतिक्रियांची देवाणघेवाण म्हणजे मंडळी नव्हे, हे खरे आहे. भाकर मोडणे, आजाऱ्यापाशी बसणे, बेसूर गाणाऱ्याच्या शेजारी उभे राहून गाणे, हे फोनवर होत नाही. तरीही एकाच मंडळीतील पाच-सहा जणांनी आठवडाभर एकच अध्याय वाचून मग उपासनेनंतर त्यावर प्रत्यक्ष बोलावे, यासाठी ही सोय फार उपयोगी आहे.

एकूण मत सांगायचे तर हे अ‍ॅप प्रत्येक वाचकाने जवळ ठेवावे असेच आहे. जेथे ते शास्त्राला संपूर्ण, क्रमाने आणि आवाजासह समोर ठेवते तेथे त्याच्या तोडीचे साधन मला माहीत नाही. जेथे ते वाचकाची गणती करते आणि वचनाला चित्रावर चढवते तेथे ते करमणुकीच्या अ‍ॅपचे अनुकरण करते, आणि तेही त्यातील उथळ भागाचे. आठवणीची सूचना ठेवायची असेल तर दिवसातून एकच, ठरावीक वेळेची ठेवावी आणि बाकीच्या सूचना सेटिंगमध्ये जाऊन बंद कराव्यात. दिवसाच्या वचनावर बोट ठेवल्यावर त्याचा पूर्ण अध्याय उघडतो. तो उघडल्याशिवाय ते वचन कोणाला पाठवू नये. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी मार्क सलग ऐकावे, मग यिर्मयाचे अठ्ठावीस आणि एकोणतीस हे अध्याय एका बैठकीत वाचावेत, आणि त्यानंतर स्तोत्रसंहितेची क्रमाने चालणारी योजना निवडावी. आवडती मालिका पाहणे त्यासाठी सोडण्याची गरज नाही. ती पाहताना जेवढ्या बारकाईने मागचा भाग आठवतो, तेवढ्याच बारकाईने मागचा अध्याय आठवून पुढचा उघडावा.